परतीच्या गीतांचा नवा स्वर : सुदानी गायिका अलसारा

आस्वानच्या उंच धरणामुळे १९६० च्या दशकात सुदानी नूबियातील वादी हल्फा जलमय झाले. विस्थापितांच्या वियोगाला नूबियन ‘परतीच्या गीतां’त सामूहिक स्वर लाभला. खार्टुममध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत स्थिरावलेल्या अलसारा यांनी ‘सिल्ट’ (२०१४) या ध्वनिसंग्रहात ऊद, बास व तालवाद्यांच्या साथीने ही परंपरा नव्याने मांडली. पाच स्वरांची रचना आणि साथीदारांचे समूहस्वर यांमुळे एकटीचे दुःख समाजाचे होते; हे गायन केवळ स्मरणरंजन ठरत नाही. मात्र ‘जागतिक संगीत’ या बाजारी वर्गीकरणात हा संदर्भ लोपतो. एप्रिल २०२३ मधील युद्धाने विस्थापन पुन्हा वर्तमान केले. मे महिन्यात ओमदुरमानमधील चकमकीत गायिका शादेन गार्दूद मृत्युमुखी पडल्या. म्हणूनच सुदानी गायिकांचे मूल्यमापन स्वरमाधुर्यापुरते मर्यादित ठेवणे अपुरे ठरते.