'सार्थक' फरकाचा अर्थ : विपणन-संशोधनातील कसोट्यांची चिकित्सा

विपणन-संशोधनाच्या अहवालांत एक वाक्य वारंवार आढळते : "दोन गटांतील फरक सार्थक आहे." विवेचन बहुधा या वाक्यापाशी संपते, वस्तुतः तेथून ते सुरू व्हावयास हवे.

'सार्थक' हा शब्द येथे पारिभाषिक आहे. दोन गटांत मुळात काहीच भेद नसता, तर आढळला तेवढा अथवा त्याहून मोठा फरक केवळ नमुना-निवडीच्या योगायोगाने दिसण्याची संभाव्यता ठरविलेल्या मर्यादेहून कमी आहे, एवढाच त्याचा आशय. परंतु 'जन्माचे सार्थक झाले' असे म्हणणाऱ्या भाषेत हा शब्द मोल आणि परिपूर्ती यांचे सूचन केल्यावाचून राहत नाही. व्यवहारातील अर्थ पारिभाषिक अर्थावर कुरघोडी करतो आणि 'योगायोगाने न घडलेला' फरक वाचकाच्या मनात 'महत्त्वाचा' फरक होऊन बसतो. इंग्रजीतील मूळ संज्ञेनेही हाच घोटाळा केला आहे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, पी-मूल्यावरून परिणामाचे आकारमान वा निष्कर्षाचे महत्त्व मोजले जात नाही, असे स्पष्ट करावे लागले, ते यामुळेच.

एका कल्पित उदाहरणाने हे ध्यानात येईल. साबणाचे नवे वेष्टन 100 गृहिणींपैकी 52 जणींना आवडले. जुने वेष्टन दाखविलेल्या दुसऱ्या 100 जणींपैकी 50 जणींना ते आवडले. कायवर्गाचे मूल्य सुमारे 0.08 येते आणि फरक असार्थक ठरतो. प्रत्येक गटात 10,000 गृहिणी घेऊन टक्केवारी तीच राहिली, तर कायवर्ग सुमारे 8 होतो. पाच टक्के पातळीवरील 3.84 ही मर्यादा तो सहज ओलांडतो. फरक मात्र दोन्ही वेळा दोन टक्क्यांचाच आहे! वाढली ती नमुन्याची संख्या. त्या दोन टक्क्यांतून नव्या वेष्टनाचा खर्च भरून निघेल किंवा नाही, याचे उत्तर कायवर्गापाशी नाही. पाच टक्क्यांची मर्यादाही फिशर यांच्या 1925 सालच्या ग्रंथानंतर रूढ झालेला एक संकेत होय; तो निसर्गनियम नव्हे.

दुसरा दोष कसोटीच्या निवडीत दिसतो. स्टीव्हन्स यांनी 1946 साली मापनश्रेणींचे नामदर्शक, क्रमदर्शक, अंतरदर्शक व गुणोत्तरदर्शक असे चार प्रकार सांगितले. 'बरे', 'चांगले', 'उत्तम' या शब्दांना 1, 2, 3 असे आकडे दिल्याने 'बरे' ते 'चांगले' आणि 'चांगले' ते 'उत्तम' ही अंतरे समान होत नाहीत. आकडा शब्दाचा क्रम सांगतो, अंतर नव्हे. अशा एकेका उत्तराची सरासरी काढून टी-कसोटी लावण्यापूर्वी या गृहीताचे समर्थन द्यावयास हवे. ते देता येत नसेल, तर दोन गटांसाठी मान-व्हिटनी, अधिक गटांसाठी क्रुस्कल-वॉलिस आणि संबंध पाहण्यासाठी स्पिअरमनचा क्रमसहसंबंध या कसोट्या उपलब्ध आहेतच.

सहसंबंधाविषयीही अशीच घाई होते. जाहिरातीचा खर्च आणि विक्री दिवाळीच्या महिन्यात एकदमच वाढतात. त्यांचा सहसंबंध-गुणांक मोठा आला म्हणून एकामुळे दुसरे घडले असे ठरत नाही. दोहोंच्या मागे सण उभा असतो.

याहून मूलगामी प्रश्न कसोटीच्या आधीचा आहे. कोका-कोला कंपनीने सुमारे दोन लाख ग्राहकांच्या चव-चाचण्या घेऊन 23 एप्रिल 1985 रोजी अमेरिकेत पेयाची नवी कृती जाहीर केली. चाचण्यांत नव्या चवीला अधिक पसंती होती. तरीही ग्राहकांच्या प्रक्षोभामुळे 11 जुलैला जुने पेय परत आणत असल्याची घोषणा करावी लागली. येथे नमुना अपुरा होता असे म्हणता येणार नाही. चाचणीने चव मोजली; जुन्या पेयाशी जडलेला जिव्हाळा तिच्या मापात मावणारा नव्हता. 'कोणते अधिक रुचते?' आणि 'जुने काढून घेतले तर चालेल काय?' ही दोन भिन्न वाक्ये आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावणे हा अर्थनिर्णयातील दोष होय. कितीही सूक्ष्म गणिताने तो झाकत नाही.

यावरून कसोट्या निरुपयोगी ठरत नाहीत. डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत काम करणाऱ्या गॉसेट यांनी 1908 साली 'स्टुडंट' या नावाने टी-कसोटीचा पाया घातला, तो लहान नमुन्यांवरून निर्णय घेण्याच्या व्यावहारिक निकडीतूनच. निर्णयाला साहाय्य करणे हे कसोटीचे काम. निर्णयाची जागा घेणे हे नव्हे. म्हणून अहवालात प्रथम विचारलेला प्रश्न शब्दशः द्यावा, मग फरकाचे आकारमान व त्याची विश्वास-मर्यादा सांगावी आणि त्यानंतरच 'सार्थक' हा शब्द योजावा. या क्रमाने आलेला तो शब्द आपल्या पारिभाषिक मर्यादेत राहील, आणि फरक किती मोलाचा, याचा निवाडा वाचकाला स्वतः करता येईल.