न सांडणारा कप आणि बघणारी माणसं

डोंबिवलीकरांना सांगायला नको : दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर लोक दोन कामांसाठी जातात, बघायला आणि दिसायला. माझे बाबा वर्षानुवर्षं न चुकता गेले. मग एका दिवाळीत म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मला कंटाळा आलाय." आम्ही विश्वास ठेवला. हाताच्या थरथरीला 'पार्किन्सन्स' हे नाव पुढच्या वर्षी मिळालं. आणि तो कंटाळा नव्हता, लाज होती, हे कळायला आणखी वेळ लागला. तेही कळलं एका व्हिडिओमुळे.

मिलेहा सोनेजी या डिझायनरचं ते २०१५ सालचं टेडेक्समधलं भाषण. जेमतेम सात मिनिटांचं. तिच्या काकांना पार्किन्सन्स होतो. हात थरथरतो, चहा सांडतो, म्हणून ते चारचौघांत चहा-कॉफी घेणंच सोडतात. ती त्यांच्यासाठी न सांडणारा कप बनवते. मग तिच्या लक्षात येतं की सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज चढतात. ती जमिनीवर जिन्याचं चित्र अंथरते आणि काका त्यावरून चालू लागतात.

हे बघताना मी ओशाळलो. बाबाही डोंबिवली स्टेशनचा पूल चढून जायचे आणि घरी आले की स्वयंपाकघराच्या दारात खिळायचे. आम्ही म्हणायचो, "बाबा, नाटकं नका करू."

ते नाटक नव्हतं. सवयीच्या हालचाली आपोआप चालवणारी मेंदूतली यंत्रणा डोपामिन कमी पडल्यामुळे अडखळते. समोर पायरी, पट्टा किंवा ठेका आला, की मेंदू दुसऱ्या वाटेनं, लक्ष देऊन पाऊल टाकतो. हे भाषण तेवढं विज्ञान समजावत बसत नाही, पण माणसाकडे नीट बघायला शिकवतं. ते त्याचं मोठं यश.

तरीही तिसऱ्यांदा बघताना मला ते अपुरं वाटलं. काकांचा खरा प्रश्न काय होता? चहा सांडणं, की सांडताना लोकांनी बघणं? कप पहिला प्रश्न सोडवतो. दुसऱ्यापाशी भाषण थांबत नाही. काकांच्या लाजेनं सुरू झालेली गोष्ट चालण्याच्या वेगावर येऊन संपते.

ही गफलत एकट्या त्या भाषणाची नाही. पार्किन्सन्समध्ये शरीराच्या व्यायामाबद्दल बोलताना आपण सगळेच पावलं मोजतो. वास्तविक नैराश्य आणि चिंता हा या आजाराचाच भाग आहे, मेंदूतल्या रसायनांच्या बदलांशी जोडलेला. कधी कधी तर तो कंपाच्याही आधी येतो. हाँगकाँगमध्ये १३८ रुग्णांवर झालेला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. आठ आठवडे एका गटानं सजगतेसह योग केला, दुसऱ्यानं ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम. हालचालीत दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. चिंता आणि नैराश्य मात्र योगाच्या गटात जास्त उतरलं. म्हणजे पावलं सारखीच पडत असली, तरी माणसं सारखी सावरत नाहीत. अर्थात गोळ्यांची जागा यातलं काहीच घेत नाही.

पण 'योगाला पाठवा' एवढं म्हणूनही भागत नाही. ठाण्याला आत्याकडे असताना बाबा तलावपाळीवर एका सकाळच्या गटात गेले होते. हास्याचा व्यायाम सुरू झाला. कुणीतरी प्रेमानं म्हणालं, "आजोबा, हसा की!" बाबा हसतच होते. या आजारात चेहऱ्याचे स्नायू कडक होतात आणि आतलं हसू बाहेर पोचत नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत.

त्या भाषणात जे नाही, ते मला पुण्यात सापडलं. कथक शिकलेले समकालीन नर्तक हृषीकेश पवार गेली अनेक वर्षं पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतात. ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेनं २००१ मध्ये असा वर्ग सुरू केला होता. ठेका पावलाला मदत करतो, हे तर आहेच. पण मला अशा वर्गातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. तिथे सगळ्यांचेच हात थरथरतात, त्यामुळे थरथरण्याची बातमी होत नाही. न हसणारा चेहरा कुणाला तुसडा वाटत नाही. आणि माणूस 'पेशंट' म्हणून तपासला जात नाही, नाचणारा म्हणून बघितला जातो. दिसणं टाळणाऱ्या माणसाला पुन्हा दिसावंसं वाटणं, हे कुठल्याही कपाला जमणार नाही.

डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ पासून निघते. लेझीम आणि ढोल आमच्या घराखालून जातात. खिडकीत उभ्या बाबांची बोटं कठड्यावर ठेका धरतात. तो कंप नसतो, एवढं आता मला ओळखता येतं.

व्हिडिओ जरूर बघा. मात्र तो संपल्यावर नवा कप मागवण्याआधी घरातल्या माणसाला विचारा, चहा कुणाकुणासोबत प्यायचा सोडलात? मी विचारलं, तेव्हा बाबांनी बराच वेळ घेऊन दोन नावं सांगितली. दोघंही फडके रोडलाच राहतात.