सत्तावीस शब्दांचें भाष्य

कायद्याचीं पुस्तकें वाङ्मयीन परीक्षणाच्या कक्षेंत सहसा येत नाहींत. परंतु अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति जॉन पॉल स्टीव्हन्स यांनीं निवृत्तीनंतर, २०१४ सालीं, प्रसिद्ध केलेलें 'सिक्स अमेंडमेंट्स' हें पुस्तक या नियमास अपवाद मानावें लागेल. संविधानांत सहा दुरुस्त्या सुचविणाऱ्या या पुस्तकांतील शस्त्रविषयक प्रकरण मूलतः एका वाक्याच्या अर्थनिर्णयाचें प्रकरण आहे; आणि अर्थनिर्णय हा तर टीकाकाराचा पिढीजात धंदा होय.

वाक्य १७९१ सालचें. इंग्रजींत अवघ्या सत्तावीस शब्दांचें. त्याचा पूर्वार्ध सांगतो कीं, स्वतंत्र राज्याच्या संरक्षणास सुव्यवस्थित लोकसेना आवश्यक आहे. उत्तरार्ध सांगतो कीं, शस्त्रें बाळगण्याच्या व धारण करण्याच्या लोकांच्या हक्कावर आक्रमण होऊं नये. दोहोंमध्यें 'म्हणून' नाहीं, 'तेवढ्यापुरता' नाहीं; केवळ स्वल्पविराम आहे. पूर्वार्धानें उत्तरार्धास बांधून ठेवलें आहे, कीं त्याचें नुसतें समर्थन केलें आहे? या प्रश्नावर २००८ सालीं हेलर खटल्यांत नऊ न्यायाधीशांचे पांच विरुद्ध चार असे दोन पक्ष पडले. बहुमताचें निकालपत्र अँटनिन स्कालिया यांचें. एक विरोधी निकालपत्र स्टीव्हन्स यांचें. वॉशिंग्टन शहरांत घरीं पिस्तूल ठेवण्यास असलेली बंदी त्या निकालानें रद्द झाली.

आपल्या मीमांसकांस हा वाद परका वाटला नसता. सुपानें होम करावा, कारण त्यानें अन्न सिद्ध होतें, अशा अर्थाच्या वचनावर जैमिनिसूत्रांत एक अधिकरण आहे. अन्न तर पळीनें व भांड्यानेंही सिद्ध होतें. मग त्यांनींही होम करावा काय? सिद्धान्ती म्हणतो, नाहीं. कारण सांगणारा भाग हा अर्थवाद, म्हणजे स्तुति. विधीचें क्षेत्र तो ठरवीत नाहीं. स्कालिया यांची भूमिका जवळजवळ हीच आहे: लोकसेनेचा उल्लेख हेतु सांगतो, हक्क मर्यादित करीत नाहीं.

परंतु हा नियम उचलतांना एक भेद विसरतां येत नाहीं. वेदवाक्य अपौरुषेय मानलेलें; तेथें कर्त्याचा हेतु विचारण्याची सोयच नाहीं. संविधान माणसांनीं वाद घालून आणि विशिष्ट भीतीपोटीं लिहिलें. ती भीति केंद्रसत्तेच्या खड्या फौजेची होती, असें स्टीव्हन्स दाखवितात. कर्त्यानें हेतु लिहूनच ठेवला असतां त्यास बाजूस सारणें, हें प्रस्तावना फाडून ग्रंथ वाचण्यासारखें आहे. व्याकरणांत स्कालिया सरस, संदर्भांत स्टीव्हन्स सरस, असा आमचा अभिप्राय आहे. आणि कायद्याच्या वाक्यांत संदर्भास अधिक मान द्यावा, असें आम्हांस वाटतें.

येथपर्यंत आम्ही स्टीव्हन्स यांच्याबरोबर आहों. पुढें मात्र ते एक विलक्षण पाऊल टाकतात. मूळ वाक्यांत 'लोकसेनेंत सेवा करीत असतांना' अशा अर्थाचे पांच इंग्रजी शब्द घालावे, म्हणजे घटनाकारांचा मूळ अर्थ परत मिळेल, असें ते सुचवितात. आमच्या टीकाकारांस अध्याहार ठाऊक आहे. वाक्यांत नसलेलें परंतु अभिप्रेत असलेलें पद ते मनानें पुरवितात. मात्र अध्याहृत पद मूळ पोथींत लिहावयास निघालें, कीं तो अध्याहार राहत नाहीं. तो नवा पाठ होतो. मूळ अर्थ तोच होता, तर या पांच शब्दांची गरज काय? आणि गरज असेल, तर २००८ च्या वादांत प्रतिपक्षास कांहींच आधार नव्हता असें म्हणतां येत नाहीं. या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर पुस्तकांत आम्हांस आढळलें नाहीं.

तरीही या दोषांतच पुस्तकाचा मोठा गुण दडला आहे. पाठ बदलावयाचा तर तो लोकांनीं, उघडपणें बदलावा, असें हा निवृत्त न्यायाधीश म्हणतो. तेथील प्रघात याच्या उलट आहे. दुरुस्तीस दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतें व तीनचतुर्थांश राज्यांची संमति लागते. म्हणून वाक्य बदलण्याऐवजीं भाष्यकार बदलण्याची वाट पाहिली जाते. २८ जून २०१० रोजीं मॅक्डोनाल्ड खटल्यांत हाच हक्क राज्यांसही बंधनकारक ठरला. विरोधी मत नोंदवून स्टीव्हन्स दुसऱ्या दिवशीं निवृत्त झाले. त्यांच्या जागीं एलेना केगन आल्या. पारडें हललें नाहीं. हललें तें २०१८ सालीं केनेडी यांच्या निवृत्तीनंतर कॅव्हानॉ आणि २०२० सालीं गिन्सबर्ग यांच्या निधनानंतर बॅरेट आल्या तेव्हां. २०२२ सालीं ब्रुएन खटल्यांत सहा विरुद्ध तीन मतांनीं न्यूयॉर्कचा जुना परवाना-नियम रद्द झाला. २०२४ च्या रहिमी खटल्यांत मात्र, घरगुती हिंसेमुळें न्यायालयीन मनाई झालेल्या माणसास निःशस्त्र ठेवण्याचा कायदा आठ विरुद्ध एक मतांनीं टिकला. तेव्हां बाकावरील माणसें मोजून प्रत्येक निकाल वर्तवितां येतो, असेंही नाहीं.

आपल्याकडे ही वाट पाहण्याची पाळी येत नाहीं, याचें श्रेय आपल्या घटना परिषदेस आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याचा सल राष्ट्रीय सभेच्या मनांत होता. १९३१ च्या कराचीच्या ठरावांत शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, समाविष्ट होता. त्यास अनुसरून हरि विष्णु कामत यांनीं डिसेंबर १९४८ मध्यें दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला: असा हक्क गुन्हेगारासही मिळेल, आणि आग्रह धरावयाचा तर हक्काचा नव्हे, राज्यावर संकट आलें असतां शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्याचा धरावा. दुरुस्ती फेटाळली गेली. परिणामीं १९५९ च्या कायद्याखालीं मुंबईत शस्त्राचा परवाना पोलीस आयुक्त देतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश बासष्टाव्या वर्षीं निवृत्त झाला, तर या बाबतींत कोणाचा हक्क वाढत नाहीं कीं घटत नाहीं.

जानेवारी १९९३ च्या दंगलींत आमच्या जोगेश्वरीनें जें पाहिलें तें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस 'घरांत बंदूक असती तर' हा विचार शिवलाच नसेल, असें नाहीं. परंतु 'प्रत्येक घरांत असती तर' हा विचार त्याच्या पाठोपाठ येतो, आणि त्याचें वजन आम्हांस अधिक वाटतें.

म्हणून आपण निश्चिंत व्हावें असें मात्र नाहीं. एकुलता एक पुत्र दत्तक देऊं नये, कारण तो वंश चालविण्यासाठीं आहे, हें वसिष्ठवचन घ्या. मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें १८८९ सालीं असें दत्तक अवैध ठरविलें. १८९९ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तें वैध ठरविलें. वचन तेंच, वाचणारे निराळे. आपल्या संविधानांतही 'जीवित' व 'स्वातंत्र्य' यांसारखे विशाल शब्द आहेत, आणि त्यांचे भाष्यकार कोणीं निवडावे हा वाद २०१५ सालच्या निकालानंतरही मिटलेला नाहीं. ज्या वाक्यावर माणसाचें जगणें अवलंबून आहे, त्याचा अर्थ नव्या न्यायाधीशाच्या नेमणुकीवर किती सोंपवावा, हा स्टीव्हन्स यांच्या पुस्तकानें जागा केलेला प्रश्न आहे. त्यांच्या पांच शब्दांशीं सहमत नसलेल्या वाचकानेंही तो टाळूं नये.