‘ल्यूमेन’ आणि भूतकाळाचें दर्शन

कामिल फ्लामारियों या फ्रेंच ज्योतिर्विदाचा ‘ल्यूमेन’ हा संवाद १८७२ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा पाया शास्त्रीय आहे. प्रकाशास प्रवासाला वेळ लागतो हें रोमरनें १६७६ सालीं गुरूच्या एका चंद्राच्या ग्रहणांवरून दाखविलें. सूर्य आपणांस दिसतो तो सुमारें आठ मिनिटांपूर्वींचा. मग ताऱ्यावरून पृथ्वीकडे पाहणारासही जुनीच पृथ्वी दिसावयाची ! १८६४ सालीं मरण पावलेला ल्यूमेन ब्रह्महृदय ताऱ्याजवळ पोहोंचतो आणि तेथून त्यास १७९३ सालचें राज्यक्रांतीचें पॅरिस दिसतें. (त्या ताऱ्याचें अंतर ग्रंथांत बहात्तर प्रकाशवर्षांच्या आसपास धरलें आहे, आजच्या मापनानें तें त्रेचाळीस भरतें. कादंबरीकारास एवढें माफ असावें.)

ग्रंथांतील सर्वांत प्रभावी प्रसंग वॉटर्लूच्या लढाईचा. प्रकाशाहून अधिक वेगानें दूर जाणाऱ्या ल्यूमेनास ती उलटी दिसते. रणांगणावर पडलेले शिपाई उठून उभे राहतात. असें दृश्य हातीं आल्यावर लेखकानें तेथें थांबावयास हवें होतें. पण त्याला व्याख्यानाची घाई. श्रोता क्वेरेन्स तर प्रश्न विचारण्यापुरताच जिवंत आहे, आणि पुढील परलोकींच्या प्राण्यांचीं वर्णनें वाचकानें खुशाल गाळावीं.

आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सिद्धांतानें प्रकाशास मागें टाकण्याची वाट बंद केली, हा आक्षेप मला गौण वाटतो. कल्पितास एवढी सवलत देतां येते. खरा आक्षेप निराळा आहे. कांहींच नष्ट होत नाहीं, गेलेलें सर्व आकाशांत साठलेलें आहे, असा दिलासा हा ग्रंथ देतो. परंतु आकाशांत जातें तें उघड्यावर घडलेलें. माजघरांत, समईच्या उजेडांत आईनें घेतलेला शेवटचा निरोप कोणत्या ताऱ्यावर पोहोंचणार ? ज्यासाठीं माणूस भूतकाळाकडे वळतो, तें बहुधा छपराखालींच घडलेलें असतें, आणि याविषयीं फ्लामारियों मौन पाळतो.

तरीही त्याची मूळ ओढ खोटी नव्हती. टायको ब्राहेनें १५७२ सालीं पाहिलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा कांहीं प्रकाश दूरच्या धूलिमेघावर आदळून, लांबच्या वाटेनें, २००८ सालीं दुर्बिणींत सांपडला. वर्णपटावरून त्या स्फोटाची जातही ठरली. कोणास प्रकाशापुढें धांवावें लागलें नाहीं. मान वर करून तो तारा पाहणारा टायको मात्र त्या प्रकाशांत नाहीं.