ऋतुचक्र आणि मार्चअखेर

समीक्षा लिहिण्याचा मला काडीचा अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बी. कॉम., तोही पासक्लास. आयुष्यात बारकाईने वाचलं ते फक्त एकच वाङ्मय, लोकांच्या चेकवरच्या सह्या. तरीही दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'वर चार शब्द लिहायचे आहेत, कारण या पुस्तकाने माझं नुकसान केलं आहे आणि ते कोणत्या खात्यावर टाकावं हे मला कळत नाही.

पुस्तक 1956 सालचं. बाईंचं वर्ष चैत्र ते फाल्गुन, आमचं एप्रिल ते मार्च. म्हणजे दोन्ही साधारण एकदमच संपतात. फरक एवढाच की तिकडे पळस लाल होतो आणि इकडे मॅनेजरसाहेब.

सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक आणलं आणि सवयीप्रमाणे तीन दिवसांत संपवायला बसलो. तिथेच चुकलं. रंगांच्या इतक्या छटा, की सौ.बरोबर पैठणीच्या दुकानात बसल्यासारखं झालं. त्यात मधूनच एखादा संस्कृत कवी येऊन जातो, आणि आमच्यासारख्या कॉमर्सवाल्याला उगीच ओशाळं वाटतं. आषाढापर्यंत पोचलो तेव्हा डोकं धरलं होतं. हा दोष आहे का? आहे. एका बैठकीत वाचणाऱ्याला बाई अजिबात सवलत देत नाहीत. मग एका महिन्याला एकच लेख, असा हप्ता बांधून घेतला. वाचनालयाचा दंड वाढला, पण पुस्तक वसूल झालं.

निसर्गावर लिहिणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींना एक खोड असते. झाड दिसलं की त्यांना स्वतःचं बालपण आठवतं, नाहीतर कॉलेजातली कुणीतरी. दोन पानं उलटली की झाड गायब, लेखक तेवढा उरतो. बाई झाडाकडे बघतात. काल पालवी कशी होती, आज कशी आहे, याची रोजकीर्द. फुलाइतकंच कोवळं पान त्यांना मोलाचं. आणि हे सगळं मुंबईत राहून हो! शिवाय हीच बाई तरुणपणी मध्य प्रदेशात आदिवासींमध्ये संशोधन करायला गेली, तिथे विषारी सुरण खाण्यात आला आणि कित्येक वर्षं अंथरुणात गेली. मला रानात साधी खाजकुइली लागली असती तर मी रानाचं नाव टाकलं असतं. या पुस्तकात रुसव्याचा मागमूस नाही.

आता माझं नुकसान. मध्यंतरी माझी पेठला बदली झाली होती. नाशकाहून पन्नासेक किलोमीटर, सावळ घाट ओलांडला की चहूकडे डोंगर आणि रान. तीन वर्षं काढली. 'काढली' हाच शब्द. कॅलेंडरवर काट मारत बसायचो आणि दर सहा महिन्यांनी बदलीचा अर्ज, 'घरगुती अडचणी' हे कायमचं कारण. तीन पावसाळे, तीन वसंत माझ्या समोरून गेले, आणि मला आठवतं काय, तर शेवटची एस.टी. कितीची होती!

'वेळ कुठे होता, नोकरी होती,' असं म्हणून सुटावं म्हटलं, तर मारुती चितमपल्लींनी तीही वाट बंद करून ठेवलेली. 2025च्या जूनमध्ये ते गेले. त्यांची पुस्तकं वाचताना मला सारखं खुपत राहिलं, की हा गृहस्थ नोकरदारच! सरकारी, वनखात्यातला, बदल्या सोसणारा. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. ज्या नावांनी आमच्या युनियनने मोर्चा काढला असता, त्या ठिकाणी या माणसाने पक्ष्यांची टिपणं ठेवली आणि त्यांचं वाङ्मय झालं. माझ्याकडेही तीन वर्षांची टिपणं आहेत. प्रवासभत्त्याची.

फाल्गुनाचा लेख वाचला त्याच आठवड्यात, रविवार बघून, पेठची गाडी पकडली. सौ. म्हणाली, "तीन वर्षं तिथून निघायला रडत होतात, आता कशाला?" बरोबर होतं तिचं. पण घाटानंतर खिडकीतून पळस दिसायला लागले आणि मी चक्क शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं. तो झोपला होता. त्याने एक डोळा उघडला, बाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मिटला.

स्टँडवर जुने खातेदार भेटले. वयस्कर, डोक्याला टोपी. केवायसीसाठी मी यांना चार हेलपाटे मारायला लावले होते.

"सायेब, परत बदली झाली का?"

"नाही बाबा, पळस बघायला आलो."

"पळस?" त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. "तो काय नवीन हाये? तुमच्या बँकेच्या खिडकीसमोरच व्हता ना मोठा. तुम्ही बसायचे तिथंच."

त्या खिडकीला पडदा मीच लावून घेतला होता. फाल्गुनात डोळ्यांवर ऊन येतं म्हणून. रीतसर अर्ज करून.