अश्रू आणि प्रायश्चित्त

२१ फेब्रुवारी १९८८ रोजी अमेरिकेतील बॅटन रूज येथे दूरचित्रवाणीवरील प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी कॅमेऱ्यासमोर साश्रू नयनांनी पापाची कबुली दिली. वक्तृत्व म्हणून ते भाषण विलक्षण प्रभावी आहे. पत्नी, मंडळी, परमेश्वर, साऱ्यांची क्षमायाचना त्यात येते. येत नाही ते केवळ पापाचे नाव. पुढे वर्षभर प्रवचन न करण्याचा पंथाचा आदेश त्यांनी झुगारला आणि काही महिन्यांतच ते व्यासपीठावर परतले. आदल्याच वर्षी जिम बेकर यांच्या पतनावर त्यांनीच कठोर प्रहार केले होते. आपण मात्र दगड उचलू नये. आपल्या ख्रिस्तसभेतही पापे झाकली गेली आहेत. पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे प्रेक्षक नसतात. तेथे तरी आपण पापाचे नाव घेतो काय?