आधी तबकडी, मग यंत्र

मंडळी, आम्हाला विषय दिला गेला तो असा : भारीतलं टर्नटेबल कसं निवडावं आणि रेकॉर्डचा संग्रह कसा उभा करावा. आम्ही होकार दिला, पण क्रम उलटा करायची परवानगी मागून घेतली. हल्ली आधी यंत्र येतं, मग त्याच्यावर वाजवायला काहीतरी शोधलं जातं. म्हणजे आधी हंडा विकत घ्यायचा आणि मग विहीर कुठे आहे ते विचारायचं. (हशा)

हंड्याचा दाखला सोनगीरात दिला, तो उगाच नाही. रेकॉर्डचा जन्म तांब्यात होतो, हे या तांबटांच्या गावात सांगायला आम्हाला विशेष बरं वाटतं. जुन्या पद्धतीत गाणं आधी मेणाच्या जाड चकतीवर कोरलं जाई. त्या मेणाला वीजवाहक भुकटी लावायची, चकती मोरचुदाच्या द्रावणात टांगायची आणि वीज सोडायची. मेणावर तांब्याचा थर चढतो. तो सोलून काढला की उलटा साचा मिळतो : मेणात जिथे खोबण, तिथे तांब्यात उंचवटा. मग साच्यावरून साचे काढायचे आणि त्यांच्याखाली लाख, दगडाची पूड, काजळी यांचा गरम लगदा दाबायचा. आपल्या आजोबांच्या काळातली ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड ती हीच.

आणखी एक तांब्याची तबकडी आहे, तिच्यावर सोन्याचा मुलामा आहे. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्या दोन्हींवर ती आहे. तिच्यात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. पण आम्हाला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडते. ती भैरवी घ्यायचं ठरलं तेव्हा रेकॉर्ड बाजारात मिळेना. अ‍ॅन ड्रुयन यांना ती अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात. संग्रह असा होतो बघा. काचेच्या शोरूममध्ये होत नाही. आणि यान सोडणारे शहाणे होते. तबकडीबरोबर त्यांनी ती वाजवायची सुईही पाठवली, किती वेगानं फिरवायची ते खुणांनी कोरून ठेवलं. तबकडीला काय लागतं याचा विचार आधी झाला होता.

आता दुकानातल्या यंत्राकडे येऊ. लिन कंपनीचं सोंडेक एलपी १२ हे टर्नटेबल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. त्याची कीर्ती खोटी नाही आणि चांगल्या जोडणीत किंमत कित्येक लाखांत जाते. पण त्याच्यावर ७८ ची रेकॉर्ड वाजत नाही. रेगाचं प्लॅनार ३ घ्या. गुणी यंत्र, पण ७८ साठी त्याच कंपनीनं वेगळं मॉडेल काढलंय. यात कंपन्यांची चूक काहीच नाही, त्यांचं गिऱ्हाईक एलपी ऐकतं. आमची तक्रार आहे ती आपल्याकडे या यंत्रांची परीक्षणं लिहिणाऱ्यांबद्दल. इंग्रजी मासिकातला शब्दकोश ते जसाच्या तसा उचलतात : ध्वनीचा रंगमंच किती रुंद, वाद्यं कुठे कुठे बसलेली दिसतात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डमध्ये कसला आलाय रुंद रंगमंच? ते एकमार्गी ध्वनिमुद्रण. पट्टीचा स्वर, तंबोरा आणि तीन मिनिटं, एवढंच त्यात आहे. ते ऐकू येतंय का, हे परीक्षणात विचारायला हवं, आणि ते कोणी विचारत नाही.

विचारायचं तर तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली सुईची. ७८ ची खोबण रुंद असते, तिला इंचाच्या सुमारे तीन हजारांश भागाएवढं सुईचं टोक लागतं. एलपीला एक हजारांश किंवा त्याहून बारीक. एलपीची सुई ७८ वर ठेवली की ती खोबणीच्या तळाशी लोळते आणि तिथे साठलेला कचरा वाजवते. मग लोक म्हणतात, जुनी रेकॉर्ड खरखरते हो! रेकॉर्ड नव्हे, तुमची सुई खरखरते. तेव्हा सुईचं डोकं सहज बदलता येईल असाच दांडा घ्यावा.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि इथे आम्ही थोडं रेंगाळणार. '७८' हा आकडा रेकॉर्डच्या नावात असला, तरी सुरुवातीच्या कितीतरी रेकॉर्ड नेमक्या त्या वेगानं कोरलेल्याच नाहीत. कुठे कमी, कुठे जास्त. समजा, मुद्रण ७४ फेऱ्यांनी झालं आणि तुम्ही ते ७८ नं वाजवलं. सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनला जाऊन बसतो. लय पळते, आवाज कोवळा होतो. मग आपण लेख लिहितो की त्या काळी काय चपळ ताना घेत! बालगंधर्वांच्या किंवा हिराबाईंच्या आवाजाबद्दल जी मतं आपण छातीठोकपणे मांडतो, त्यातली काही चुकीच्या वेगावर उभी असतील, अशी आम्हाला दाट शंका आहे. म्हणून वेग कमीजास्त करायची सोय ही चैन नाही, समीक्षेचं हत्यार आहे. टेक्निक्सच्या एसएल १२०० चं घराणं १९७२ चं. पुढे ते नाचगाण्याच्या क्लबांत लोकप्रिय झालं म्हणून आपल्याकडचे शुद्धतावादी नाक मुरडतात. पण त्याच्या अलीकडच्या एमके ७ मध्ये ७८ चा वेग आहे, सूर वरखाली करायची सरकपट्टी आहे आणि डोकं दोन बोटांनी बदलतं. लिनच्या तुलनेत किंमत अगदीच थोडी. आम्हाला विचाराल तर मराठी माणसाच्या संग्रहाला हेच यंत्र लागतं.

तिसरी गोष्ट वजनाची. चावीच्या ग्रामोफोनचा सुईवरचा भार शंभर ग्रॅमच्या वर जातो. एलपीची आजची सुई दोनेक ग्रॅमवर चालते, ७८ ची थोड्या जास्त भारावर. पितळी कर्ण्याचं यंत्र दिवाणखान्यात शोभतं, शोभू द्या. पण दुर्मीळ रेकॉर्ड त्याच्यावर पाहुण्यांना वाजवून दाखवणं म्हणजे पोथीवर भाजी चिरणं.

एलपी गोळा करूच नयेत का? कराव्यात, पण काय घेतोय ते ओळखून. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, तेव्हा ५६ गीतं वेगवेगळ्या गळ्यांतून आली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, कितीतरी. पुढे एलपीचा जो संच घरोघर गेला, तो सगळा एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजात. तो मोलाचा आहेच, पण वर्षभर रेडिओपुढे हात जोडून बसलेल्यांनी ऐकलं ते हे नव्हे. संच मिळाला म्हणजे गीतरामायण मिळालं असं मानणारा संग्राहक अर्धीच गोष्ट कपाटात ठेवतो.

आणि कपाटाबाहेर काय चाललंय? धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उतरवत हिंडले, म्हणून कागद वाचले. रेकॉर्डसाठी तसं फार थोड्यांनी केलं. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली, सुरेश चांदवणकरांनी ती वर्षानुवर्षं चालवली, अंक काढले, याद्या केल्या. खानदेशात मात्र वाड्याची वाटणी झाली की पितळी कर्णा मोडीत जातो, कारण पितळेला वजनावर भाव आहे. लाखेच्या तबकड्यांना तोही नाही, त्या उकिरड्यावर. आम्ही एकदा एका भंगारवाल्याकडून पोतंभर रेकॉर्ड आणल्या. शेजारच्या आजी बघायला आल्या, म्हणाल्या, "कितलाले लिन्हं?" आकडा सांगितला तर कपाळाला हात लावला. मग एक लेबल हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्या माहेरी तीच वाजायची.

असं पोतं हाती आलं तर दोन पथ्यं पाळा. लाखेची रेकॉर्ड स्पिरिटनं पुसू नका, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. आणि इथला मे महिना लक्षात ठेवा. रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला तर अजिबात लावू नका. एलपी उन्हातल्या गाडीत विसरलात, तर घरी द्रोण घेऊन याल. (हशा) लेबलजवळ कोरलेला बारीक क्रमांक वहीत उतरवून ठेवा. लेबल फाटतं, तो क्रमांक राहतो.

बोलणं पुष्कळ झालं. त्या पोत्यातली एक रेकॉर्ड आम्ही बरोबर आणलीय. गाण्यामागे पेटी वाजतेय, पण ७८ वर लावली की ती काळी आणि पांढरीच्या मधेच कुठेतरी अडकते. पुढे बसलेल्या पेटीवाल्या काकांनी जरा स्वर धरावा, आम्ही सरकपट्टी हळूहळू खाली घेतो. जुळलं असं वाटेल तिथे हात वर करा.